कल्याणचा कंदील, लोणावळ्याचे दगड आणि आल्फा



बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण ऑफिस, मुलीची शाळा आणि इथला कागदी कारभार यातून सवड मिळेना. आज ड्रेस्डेनमध्ये सकाळपासून पाऊस आहे, बायको मैत्रिणींकडे गेली आहे, मुलगी झोपली आहे. तेव्हा बसलोच.

विषय तसा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. एका चित्रावर दुसरं चित्र अर्धपारदर्शक करून कसं बसवायचं, एवढाच. आपण रोज शंभर वेळा बघतो ते. मोबाईलवर फोटो बदलताना एक विरतो आणि दुसरा उमटतो, टीव्हीवर बातम्यांच्या खाली पट्टी येते आणि तिच्यातून मागचं दिसत राहतं. हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांनी शोधून काढलं असं मलाही कॉलेजात असताना वाटायचं. पण ही गोष्ट सुरू होते कंदिलापासून, आणि तिचा एक मोठा तुकडा कल्याणचा आहे.

आधी माझं पापकर्म सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. २००८ साली फायनल इयरला असताना मी मॅक्रोमीडिया डायरेक्टरमध्ये एक प्रोजेक्ट केला होता. ('मॅक्रोमीडिया' सवयीने म्हणतो, २००५ मध्येच ती कंपनी अडोबीने घेतली होती.) डायरेक्टरची स्वतःची भाषा होती, लिंगो. जॉन थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी ती बनवली होती. वाक्यं जवळजवळ साध्या इंग्रजीसारखी, त्यामुळे सी शिकून वैतागलेल्या पोरांना ती फार आवडायची. तिच्यात २००० साली, आठव्या आवृत्तीत, 'कॉपीपिक्सल्स' नावाची आज्ञा आली. एका चित्राचे पिक्सल उचलायचे आणि दुसऱ्यावर ठेवायचे. सोबत 'ब्लेंडलेव्हल' द्यायची, ० ते २५५. शून्य म्हणजे दिसतच नाही, २५५ म्हणजे पूर्ण दिसतं, १२८ म्हणजे साधारण निम्मं. एवढ्या भांडवलावर मी आजीचा अल्बम केला. लग्नातला फोटो विरतो, त्यातून माझ्या बाबांना कडेवर घेतलेली आजी उमटते, ती विरते, त्यातून पंचाहत्तरीची आजी. मागे तिच्याच आवाजात जात्यावरच्या ओव्या.

आजीला दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण मध्ये मध्ये लाईट का जातात?"

त्या वर्षी गावाकडे भारनियमन जोरात होतं, म्हणून सगळे हसले. पण आजीचं निरीक्षण अचूक होतं. प्रत्येक बदलाच्या बरोब्बर मध्यावर चित्र काळवंडायचं. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आजीच्या आलं.

आता कल्याणला जाऊ.

१८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ सुरू केले. नाव जरा भारदस्त आहे. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्याच्यावरून शांबरी म्हणजे माया, जादू. थोडक्यात, मॅजिक लँटर्नला त्यांनी घरचं नाव दिलं. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या भिंगातून पडद्यावर टाकायची, सोबत निवेदन आणि गाणं. विनायक आणि रामचंद्र हे मुलगे बरोबर. विषय अर्थातच रामायण-महाभारत, कारण लोकांना कथा माहीत असली की चित्रकाराला चमत्कारावर लक्ष देता येतं. (आपली पौराणिक नाटकं याच तत्त्वावर चालली.) लुमिएर बंधूंचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला ७ जुलै १८९६ ला. म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी आपल्याकडे पडद्यावर चित्रं हलत होती, कारण पटवर्धन एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून भराभर बदलत असत.

या जगातली एक युक्ती पटवर्धनांच्याही जवळपास शंभर वर्षं आधीची आहे. पॅरिसमध्ये १७९८ पासून रोबेर्तसन नावाचा माणूस भुतांचे खेळ करायचा, फँटास्मागोरिया. काचेवर तो भूत रंगवायचा आणि भोवतालची सगळी काच काळ्या रंगाने बुजवून टाकायचा. आपण कॉम्प्युटरवाले काळा हा एक रंग मानतो. कंदिलाच्या दृष्टीने काळा म्हणजे 'इथून काही येत नाही'. मग दुसऱ्या कंदिलाने त्याच पडद्यावर अरण्य टाकलं तर भूत अरण्यात उभं राहतं, आणि भुताभोवती चौकट दिसत नाही. काळा हाच पारदर्शक. प्रकाशाची बेरीज होते, आणि शून्य मिळवलं तर आहे तेवढंच राहतं. एवढं साधं गणित आहे. पण यात गोम अशी की भुताच्या अंगातून मागचं झाड थोडं दिसणारच, कारण बेरीज काही झाकत नाही. भुताला ते चालतं. हनुमानाला चालेलच असं नाही! म्हणून मागच्या देखाव्यात पात्राच्या जागी अंधार ठेवावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये 'विरघळणारे देखावे' लोकप्रिय झाले. एकावर एक दोन कंदील, दोघांचा झोत एकाच जागी. चुनखडीच्या ज्योतीवर चालणाऱ्या मोठ्या कंदिलांना वायू लागायचा, आणि दोघांच्या मध्ये एक पितळी तोटी असायची. तोटी फिरवली की एकाचा वायू कमी होतो, तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. उन्हाळ्यातलं शेत विरतं आणि तेच शेत बर्फात उमटतं. आता नीट बघा, त्या तोटीत काय आहे? पहिल्याला जेवढा भाग मिळाला त्याला आल्फा म्हणा. दुसऱ्याला मिळाला एक वजा आल्फा. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत जे सूत्र येतं ते पितळेत ओतलेलं होतं. तेलाच्या दिव्याला वायू नसतो, तिथे भिंगापुढे दातेरी पत्रा सरकवत, कंगव्यासारखा. दाते भिंगावर आले की अख्खं चित्र सारखं मंद होतं, कारण पत्रा भिंगाशी असल्यामुळे त्याची सावली पडद्यावर रेखीव पडतच नाही.

माझी २००८ ची चूक इथे सापडते. मी काळ्या पार्श्वभूमीवर खालचा फोटो ० वरून २५५ कडे नेत होतो आणि वरचा २५५ वरून ० कडे. दिसायला तोटीसारखंच वाटतं ना? पण मध्यावर काय होतं बघा. खालचा फोटो निम्मा उजळ. त्यावर वरचा निम्मा बसला, आणि बसताना त्याने खालच्याचा निम्मा भाग झाकला. म्हणजे वरच्याचे अर्धे, खालच्याचे अर्ध्याचे अर्धे. अर्धा अधिक पाव, पाऊण. पाव प्रकाश गायब! लंडनच्या कंदीलवाल्याचं असं कधीच होणार नव्हतं, कारण त्याच्याकडे निखळ बेरीज होती. खालचा फोटो पूर्ण ठेवून फक्त वरचा विरवला असता तरी काम झालं असतं. एक ओळ कमी लिहायची होती मला.

आता लोणावळा. इथे गणित बदलतं, आणि जर्मन माणूस येतो.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. त्यातला फ्रित्झ श्लायशर हा नंतर मालकच झाला. आपल्या आजोळी देवघरात जी लक्ष्मी-सरस्वती असते तिचं हे माहेर. क्रोमोलिथोग्राफी म्हणजे दर रंगाला एक वेगळा दगड. पिवळा छापायचा, वाळू द्यायचा, त्यावर लाल, मग निळा, आणि एका चित्राला कितीतरी दगड लागायचे. शाई पातळ, पारदर्शक. पिवळ्यावर लाल पडला की केशरी दिसतो, कारण प्रकाश लालातून जातो, पिवळ्यातून जातो, कागदावर आपटून परत येतो आणि प्रत्येक थर आपला हिस्सा खातो. इथे गुणाकार होतो. एका थराने निम्मा सोडला, दुसऱ्याने निम्मा, तर उरतो पाव. कंदिलात काळा पारदर्शक, छपाईत पांढरा पारदर्शक. फोटोशॉपमध्ये 'स्क्रीन' आणि 'मल्टिप्लाय' असे दोन पर्याय असतात, आपण चाचपडत दोन्ही दाबून बघतो. त्यातला 'मल्टिप्लाय' म्हणजे हा लिथोचा दगड. 'स्क्रीन' कंदिलाच्या वंशातला, फक्त उजेड ओसंडू नये म्हणून बेरीज जरा सावरून केलेली.

या छापखान्यात एक तरुण मराठी माणूस काम करत होता, धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांचं चरित्र आपण 'पहिला चित्रपट' या एका ओळीत संपवतो, पण मला त्यांचा बायोडेटाच जास्त आवडतो. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याला कलाभवनात फोटोग्राफी, मग लिथोग्राफी, आणि वर जादूचे प्रयोग, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने (उलटं वाचा). १९०९ मध्ये तीनरंगी छपाईची यंत्रं घ्यायला ते जर्मनीला येऊन गेले. आपल्यापैकी कितीतरी जण 'ऑनसाईट' आलो म्हणून मिरवतो, हा माणूस शंभरावर वर्षांपूर्वी येऊन काम उरकून परत गेला.

म्हणजे १९१२ साली कॅमेरा हातात आला तेव्हा बेरीज आणि गुणाकार दोन्ही त्यांच्या हाडात मुरलेले होते. सुरुवातीला त्यांनी रोपट्याची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपली, आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' मधला जो भाग शिल्लक आहे त्यात कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर तरंगतं. हे बघताना मला नेहमी रोबेर्तसनची काळी काच आठवते. एकाच फिल्मवर दोनदा उजेड पाडला तर तो साठत जातो, आणि जिथे अंधार ठेवला असेल तिथे फिल्म कोरी राहते, दुसऱ्या वेळी भरायला मोकळी. मघाशी म्हटलं ना, पात्राच्या जागी अंधार. सिनेमावाल्यांनी त्याला 'मॅट' म्हटलं. भिंगापुढे काळा पुठ्ठा, चित्रीकरण, फिल्म मागे गुंडाळायची, आता उलटा पुठ्ठा, परत चित्रीकरण. एक फ्रेम चुकली तर सगळं वाया. अन्डू नाही, बॅकअप नाही. फाळके हे कसं निभावत असतील याची मला कल्पना करवत नाही.

आपलं आणि जर्मनीचं रंगांचं नातं मात्र दर वेळी जमलं नाही. १९३३ मध्ये प्रभातची 'सैरंध्री' रंगीत करायची म्हणून शांतारामबापू फिल्म घेऊन जर्मनीत आले. बायपॅक पद्धत. कॅमेऱ्यात दोन फिल्मा पाठीला पाठ नव्हे, तोंडाला तोंड लावून चालवायच्या, एकीवर तांबूस बाजू टिपली जाते, दुसरीवर निळसर, आणि शेवटी दोन्ही एका फिल्मवर छापायच्या. लोणावळ्याचे दोन दगडच म्हणा, फक्त सेकंदाला चोवीस वेळा. रंग मनासारखे आले नाहीत, आणि प्रभात काळ्या-पांढऱ्याकडे परतली. तीन वर्षांनी 'संत तुकाराम' आला आणि त्यातलं वैकुंठाचं विमान त्या काळ्या-पांढऱ्यातच लोकांनी खरं मानलं.

ड्रेस्डेन या सगळ्यात कुठे? मी राहतो तिथून थोड्या अंतरावर श्ट्रीझन भागात एर्नेमान कारखान्याची इमारत आहे, वर उंच मनोरा. हाइनरिश एर्नेमानने १८८९ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सुरू केला, १९०९ साली त्याचा 'इम्पेराटोर' हा पोलादी सिनेमा प्रोजेक्टर आला. १९२६ मध्ये कारखाना झाइस इकॉनमध्ये गेला, युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या राजवटीत त्यातून पेंटाकॉन झालं आणि १९९० नंतर ते बंद पडलं. आता तिथे तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. कॅमेरे, प्रोजेक्टर, मोजणी यंत्रं. मी मुलीला घेऊन गेलो तेव्हा ती एका कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "बाबा, हे सगळे कंदीलच आहेत ना?" मी जरा लांबण लावणार होतो, पण म्हटलं, हो. याच गावात १९३० साली हायजीन म्युझियममध्ये 'काचेचा माणूस' उभा केला, पारदर्शक कातडी आणि आत एकेक अवयव दिव्याने उजळणारा. पारदर्शकतेचं वेड गावाला जुनंच दिसतं.

राहिला आल्फा. सिनेमातला मॅट ही नेहमी चित्राची वेगळी फिल्म असायची. चित्र एकीकडे, त्याचा काळा-पांढरा साचा दुसरीकडे. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ यांना सुचलं की साचा चित्रातच ठेवावा. लाल, हिरवा, निळा यांच्या सोबत चौथा आकडा, 'हा पिक्सल किती झाकतो'. नाव त्या तोटीच्या सूत्रातल्या ग्रीक अक्षरावरून. मग १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी छोटासा निबंध लिहून या थरांचं पूर्ण बीजगणित मांडलं. निम्म्या पारदर्शक काचेवर निम्मी पारदर्शक काच ठेवली तर पूर्ण अपारदर्शक होत नाही, पाऊण होते. हो, माझ्या आजीचा पाऊण! त्यांचं दुसरं म्हणणं असं की रंग साठवतानाच आल्फाने गुणून ठेवा, म्हणजे कडा स्वच्छ येतात आणि दर वेळचा गुणाकार वाचतो. १९९६ मध्ये या चौघांना ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आजीच्या पांढऱ्या केसांभोवती माझ्या प्रोजेक्टमध्ये जी पांढरट झालर दिसायची ती आल्फा न वापरल्यामुळे. मी 'पार्श्वभूमी पारदर्शक' हा सोपा पर्याय, इंक ३६, लावला होता. तो फक्त शुद्ध पांढरा काढतो. कडेचे अर्धवट पांढरे पिक्सल तसेच राहतात. शिवाय आजीचे केस!

डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली, शॉकवेव्ह प्लेयर एप्रिल २०१९ मध्ये बंद झाला. आजी त्याआधीच गेली. माझ्याकडे उरली होती एक सीडी, तिच्यात नुसती ब्राउझरसाठी बांधलेली फाईल. मूळ फाईल जुन्या हार्ड डिस्कबरोबर गेली, आणि त्याला जबाबदार मीच, बॅकअप घेतला नाही. काचेवर रंगवलेलं चित्र उन्हासमोर धरलं की आजही दिसतं. माझं चित्र सोळा-सतरा वर्षांत दिसेनासं झालं होतं.

या उन्हाळ्यात समजलं की बांधलेल्या शॉकवेव्ह फाईलमधून लिंगो परत काढून देणारं एक मोफत अवजार काही हौशी मंडळींनी लिहिलं आहे. एका रात्री बसलो. फोटो निघाले. कोड निघाला, माझ्या कॉमेंट्स सोडून, त्या बांधतानाच गळतात. ओव्या मात्र नाहीत. आवाजाची फाईल मी बाहेर वेगळी ठेवली होती आणि ती सीडीवर टाकायलाच विसरलो होतो. कोड तिला नावाने हाक मारतो आणि पुढे काही होत नाही.

पण कोडमध्ये आकड्यांची एक यादी सापडली. डायरेक्टरमध्ये वेळ 'टिक्स'मध्ये मोजायचे, सेकंदाचे साठ. ४१०, ८९५, १३२०, असे. थोडा वेळ कळेचना. मग आठवलं, हेडफोन लावून ओव्या ऐकत मी त्या लिहून काढल्या होत्या. ओळ संपून आजी जिथे श्वास घेते तिथे फोटो बदलायचा, म्हणून.

एल्बेकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारातून पेंटाकॉनचे दोन डाया प्रोजेक्टर आणले. फोटोंच्या स्लाईड्स करून घेतल्या. पुठ्ठ्याचे दोन कंगवे कापले, एका पट्टीवर उलटसुलट चिकटवले, म्हणजे एक भिंग झाकलं जातं तेव्हा दुसरं उघडतं. पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात दाखवायचं ठरलं आहे. काल तालीम केली. मी घड्याळ लावून यादीतले आकडे मोजत होतो आणि "आता" म्हणत होतो, मुलगी पट्टी सरकवत होती. चौथ्या वेळी ती म्हणाली, थांब, मला कळलंय कधी ते, आणि नंतर मी काही बोललो नाही. मध्ये कुठेही लाईट गेले नाहीत.